पदवी हातात पडेपर्यंत: श्रेयांक, गट आणि विद्यापीठाच्या अटींचा हिशेब कसा ठेवावा

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागतो, सगळे मुख्य पेपर सुटलेले असतात, तरीही पदवी प्रमाणपत्राचा अर्ज अडतो. कारण पहिल्या वर्षाच्या गुणपत्रकात दोन श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) एका छोट्या अभ्यासक्रमापुढे ‘अनुपस्थित’ अशी नोंद असते आणि तिच्याकडे इतके दिवस कोणी पाहिलेलेच नसते. असे प्रकार टाळता येतात. त्यासाठी एक गोष्ट पहिल्याच सत्रात समजून घ्यावी लागते: पदवी ही शेवटच्या परीक्षेत मिळत नाही. विद्यापीठाने ठरवून दिलेल्या प्रत्येक गटातले श्रेयांक, प्रत्येक सत्रातली उत्तीर्णता आणि नोंदणीची कागदपत्रे या तिन्ही बाजू पूर्ण झाल्या, की ती देय होते. हा हिशेब विद्यापीठ शेवटी करते. विद्यार्थ्याने तो पहिल्या दिवसापासून करायला हवा.

पुढील विवेचन प्रामुख्याने महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांतील पदव्यांसाठी आहे. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, विधी, वैद्यक अशा अभ्यासक्रमांना त्यांच्या नियामक परिषदांच्या स्वतंत्र अटी लागू होतात. हिशेब ठेवण्याची पद्धत मात्र तिथेही उपयोगी पडते.

पहिली पायरी: आपल्या तुकडीला कोणते नियम लागू आहेत, हे ठरवणे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पदवीचा नवा आराखडा विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केला आणि महाराष्ट्र शासनाने 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने त्याची राज्यासाठीची रचना ठरवली. स्वायत्त महाविद्यालयांत तो 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. म्हणजे एकाच गावातल्या दोन महाविद्यालयांत, एकाच वर्षी प्रवेश घेतलेल्या दोन विद्यार्थ्यांचे नियम वेगळे असू शकतात. शिवाय विद्यापीठे अभ्यासक्रमात अधूनमधून बदल करतात, आणि हे बदल बहुधा ज्या वर्षी प्रवेश झाला त्या वर्षाच्या तुकडीपासून लागू होतात. वरच्या वर्गातल्या मित्राने सांगितलेला नियम त्याच्यासाठी खरा असतो, पण आपल्यासाठी तो लागू असेलच असे नाही.

म्हणून प्रवेश झाला की दोन दस्तऐवज विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावेत: आपल्या शाखेची अभ्यासक्रम रचना, म्हणजे सत्रनिहाय विषय आणि श्रेयांक दाखवणारे कोष्टक, आणि परीक्षेचे नियम, ज्यांना अध्यादेश किंवा विनियम म्हणतात. दोन्हींवर शैक्षणिक वर्ष लिहिलेले असते. ते आपल्या प्रवेशवर्षाशी जुळते का, हे तपासावे. पुढे काही वाद उद्भवला, तर तोंडी आश्वासनापेक्षा हा कागद कामाला येतो.

दुसरी पायरी: नोंदणी पक्की करणे

बारावी उत्तीर्ण होऊन प्रवेश मिळाला, तरी तो काही काळ तात्पुरताच असतो. इतर राज्यांच्या मंडळांतून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांना पात्रता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि त्यासाठी मूळ गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला किंवा स्थलांतर प्रमाणपत्र सादर करावे लागते. पात्रतेचा अर्ज प्रलंबित राहिला, तर पुढे निकाल राखून ठेवला जाऊ शकतो, आणि त्या वेळी तीन वर्षांपूर्वीची कागदपत्रे शोधण्याची वेळ येते.

पात्रता पक्की झाली की विद्यापीठ कायम नोंदणी क्रमांक देते. पीआरएन या नावाने ओळखला जाणारा हा क्रमांक परीक्षा अर्ज, प्रवेशपत्र, गुणपत्रक आणि शेवटी पदवी प्रमाणपत्र या सर्वांवर एकच असतो. याच टप्प्यावर नावाची तपासणी करून घ्यावी: बारावीच्या गुणपत्रकावरचे नाव, आधारवरचे नाव आणि विद्यापीठाच्या नोंदीतले नाव अक्षरशः सारखे आहे का, वडिलांच्या आणि आईच्या नावाचे स्पेलिंग बरोबर आहे का. पहिल्या वर्षी दुरुस्ती एका अर्जावर होते. पदवी छापून झाल्यावर तीच दुरुस्ती शपथपत्र, राजपत्र आणि शुल्क या फेऱ्यात अडकते.

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खातेही याच वेळी उघडावे. आयोगाने 2021 च्या विनियमांनी ही व्यवस्था सुरू केली. डिजिलॉकरद्वारे मिळणाऱ्या 12 अंकी ‘अपार’ (APAAR) या विद्यार्थी ओळख क्रमांकाशी ती जोडलेली असून विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिथे जमा होतात. नावातली तफावत इथेही आडवी येते: आधार आणि महाविद्यालयाची नोंद जुळली नाही, तर खाते उघडूनही श्रेयांक त्यात येत नाहीत.

तिसरी पायरी: श्रेयांक म्हणजे काय, आणि एकूण किती लागतात

श्रेयांक हे अध्ययनाच्या तासांचे माप आहे. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला एक तास व्याख्यान, म्हणजे 15 तास, याचा एक श्रेयांक होतो. प्रात्यक्षिक, क्षेत्रीय काम, प्रकल्प किंवा कार्यप्रशिक्षण यांसाठी आठवड्याला दोन तास, म्हणजे 30 तास, धरले जातात. त्यामुळे 4 श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण हे किमान 120 तासांचे काम असते. सुट्टीतल्या आठ-दहा दिवसांत ते उरकेल असे गृहीत धरून नियोजन करणे धोक्याचे आहे.

राज्याच्या रचनेनुसार पहिल्या वर्षाअखेर 40 ते 44, दुसऱ्या वर्षाअखेर 80 ते 88, तीन वर्षांच्या पदवीसाठी 120 ते 132 आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी 160 ते 176 श्रेयांक पूर्ण व्हावे लागतात. या मर्यादांच्या आत नेमका आकडा प्रत्येक विद्यापीठाने ठरवलेला असतो. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक सत्र 22 श्रेयांकांचे आहे.

चौथी पायरी: गटनिहाय हिशेब

सर्वाधिक घोटाळे या टप्प्यावर होतात, म्हणून तो सविस्तर पाहू. एकूण बेरीज 132 झाली म्हणून पदवी मिळत नाही. प्रत्येक गटात ठरलेले श्रेयांक स्वतंत्रपणे पूर्ण व्हावे लागतात. एका गटात जास्त मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या गटातली तूट आपोआप भरून काढत नाहीत.

मुख्य विषय, ज्याला सर्वजण मेजर म्हणतात, हा पदवीचा कणा आहे. आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी त्याचे किमान 60 श्रेयांक आणि चार वर्षांसाठी 80 श्रेयांक सुचवलेले आहेत, म्हणजे एकूणाच्या जवळजवळ निम्मे. गौण विषय म्हणजे मायनर याचे प्रमाण त्याहून बरेच कमी असते. त्यांच्या जोडीला खुल्या निवडीचे अभ्यासक्रम येतात, आणि ते आपल्या शाखेबाहेरचे असावेत अशी अट असते. ही अट अनेकांच्या लक्षात येत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सोपा वाटतो म्हणून वाणिज्याचाच पेपर खुली निवड म्हणून घेतला आणि महाविद्यालयाच्या संगणकप्रणालीने तो स्वीकारला, तरी अंतिम पडताळणीत तो नाकारला जाऊ शकतो.

त्यानंतर लहान गट येतात: मुख्य विषयाशी निगडित व्यावसायिक कौशल्याचे अभ्यासक्रम, सर्वसाधारण कौशल्यवर्धन, भाषांचे क्षमतावर्धन अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली, पर्यावरण शिक्षण आणि संविधान यांसारखे मूल्यशिक्षणाचे अभ्यासक्रम, आणि सहअभ्यासक्रम, ज्यात क्रीडा, योग, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी किंवा सांस्कृतिक उपक्रम येतात. बहुतेक दोन-दोन श्रेयांकांचे असतात. वर्गात त्यांना फारसे महत्त्व दिले जात नाही आणि विद्यार्थीही त्यांच्याकडे जोडविषय म्हणून पाहतात. पण पदवीच्या पडताळणीत दोन श्रेयांकांचा योग आणि चार श्रेयांकांचे सूक्ष्म अर्थशास्त्र यांच्यात फरक नसतो: दोन्हींपैकी एक राहिले, तरी पदवी थांबते. माझ्या मते नव्या रचनेतला खरा धोका अवघड पेपरांमध्ये नाही. तो या सोप्या पेपरांमध्ये आहे.

शेवटचा गट अनुभवाधारित शिक्षणाचा: कार्यप्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग. यांची परीक्षा नसते, पण पुरावा लागतो. कार्यप्रशिक्षणासाठी आस्थापनेचे पत्र, तारखांसह हजेरीचा तक्ता, दैनंदिन नोंदवही, पूर्णत्वाचे प्रमाणपत्र आणि मार्गदर्शक शिक्षकाची सही असलेला अहवाल यांची प्रत स्वतःकडे ठेवावी. अहवाल विभागाकडे दिला आणि तिथून गुण विद्यापीठाच्या प्रणालीत भरलेच गेले नाहीत, असे घडते. त्या वेळी पोचपावती असलेला विद्यार्थी आठवड्यात सुटतो आणि नसलेला पुढच्या सत्रापर्यंत अडकतो.

एक साधी वही किंवा संगणकातले कोष्टक करावे. आडव्या ओळींत वरील गट, उभ्या रकान्यांत सहा किंवा आठ सत्रे, आणि शेवटच्या दोन रकान्यांत ‘आवश्यक’ आणि ‘मिळालेले’. प्रत्येक निकालानंतर त्यात नोंद करावी आणि तीच नोंद अकॅडमिक बँकेच्या खात्याशी ताडून पाहावी. दर सत्राला अर्धा तास लागतो. तफावत दिसली तर लगेच महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाला लेखी कळवावे.

पाचवी पायरी: सत्र मान्य होणे आणि पेपर सुटणे

परीक्षेला बसण्याआधी सत्र मान्य व्हावे लागते, आणि त्यासाठी हजेरीची अट असते; ती बहुतेक विद्यापीठांत 75 टक्के आहे. आजारपणासारख्या कारणाने सवलत मिळू शकते, परंतु त्यासाठीचा अर्ज आणि वैद्यकीय प्रमाणपत्र त्या काळातच द्यावे. हजेरी कमी असलेल्यांची यादी लागल्यावर दिलेल्या प्रमाणपत्राचा फारसा विचार होत नाही. परीक्षा अर्ज भरताना त्यावरचे विषय आणि त्यांचे संकेतांक एकेक करून तपासावेत. चुकीच्या संकेतांकाचा पेपर दिला, तर चांगले गुण मिळूनही ते भलत्याच गटात जातात.

उत्तीर्णतेच्या नियमात पाहण्याची गोष्ट म्हणजे अंतर्गत आणि सत्रान्त परीक्षेत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते की दोन्ही मिळून. जिथे स्वतंत्र उत्तीर्णता लागते, तिथे लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही अंतर्गत चाचणी चुकवलेला विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो. अंतर्गत गुण महाविद्यालय देते, त्यामुळे ते विद्यापीठाकडे जाण्यापूर्वी पाहायला मागावेत.

एखादा पेपर राहिला तर बहुतेक विद्यार्थ्यांना एटीकेटीने पुढच्या वर्गात प्रवेश मिळतो. या सवलतीला मर्यादा असते, आणि अनेक विद्यापीठांत तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्यासाठी पहिल्या वर्षाचे सर्व पेपर सुटलेले असावे लागतात. दुसऱ्या वर्षात नव्या पेपरांच्या दडपणाखाली पहिल्या वर्षाचा राहिलेला पेपर मागे पडतो आणि तिसऱ्या वर्षाच्या दाराशी वर्ष वाया जाते. राहिलेला पेपर पहिल्या उपलब्ध संधीलाच द्यावा.

निकालाबाबत शंका असेल, तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून मग पुनर्मूल्यांकनाचा निर्णय घ्यावा. याची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 च्या कलम 89 नुसार विद्यापीठाने परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत तो लावावा. पुढील प्रवेशाची मुदत जवळ आलेली असताना लेखी अर्जात या तरतुदीचा उल्लेख करता येतो.

सहावी पायरी: गुणपत्रक वाचायला शिकणे

दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत ‘ओ’ म्हणजे 10, ‘ए प्लस’ 9, ‘ए’ 8, ‘बी प्लस’ 7, ‘बी’ 6, ‘सी’ 5 आणि ‘पी’ 4 श्रेणीगुण असतात. अनुत्तीर्ण आणि अनुपस्थित यांना शून्य. सत्राची सरासरी काढताना प्रत्येक विषयाचे श्रेणीगुण त्याच्या श्रेयांकांनी गुणतात, त्या गुणाकारांची बेरीज करतात आणि एकूण श्रेयांकांनी भागतात.

समजा, एका सत्रात मेजरचे 4 श्रेयांकांचे दोन पेपर आहेत आणि त्यांत 8 व 7 श्रेणीगुण आहेत. मायनरच्या 4 श्रेयांकांत 9. आणि 2 श्रेयांकांच्या पाच विषयांत अनुक्रमे 6, 9, 7, 8 आणि 10 आहेत. पहिल्या तिघांचे गुणाकार 32, 28 आणि 36, मिळून 96. उरलेल्या पाचांचे 12, 18, 14, 16 आणि 20, मिळून 80. एकूण 176 भागिले 22, म्हणजे सत्राची सरासरी बरोबर 8. आता मेजरचा पहिला पेपर 8 ऐवजी 5 वर आला, तर बेरीज 164 होते आणि सरासरी 7.45. तितकीच घसरण दोन श्रेयांकांच्या पेपरात झाली असती, तर सरासरी 7.73 राहिली असती. सरासरी वाढवायची असेल तर अभ्यासाचा वेळ कुठे द्यावा, हे यावरून स्पष्ट होते. पदवी पूर्ण होण्यासाठी मात्र दोन्ही पेपर सारखेच आवश्यक असतात.

सर्व सत्रांची एकत्रित सरासरी काढतानाही श्रेयांकांचा भार धरला जातो. सत्रांच्या सरासऱ्यांची नुसती सरासरी काढली, तर सत्रांचे श्रेयांक वेगळे असताना उत्तर चुकते. टक्केवारीत रूपांतर करण्याचे सूत्र प्रत्येक विद्यापीठाचे आपले असते. नोकरीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या अर्जात दुसऱ्या विद्यापीठाचे सूत्र वापरून टक्केवारी लिहू नये. गुणपत्रकामागे छापलेले सूत्र वापरावे किंवा विद्यापीठाकडून रूपांतराचे प्रमाणपत्र घ्यावे.

सातवी पायरी: बाहेरून मिळवलेले श्रेयांक आणि मध्येच थांबणे

स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरचे अभ्यासक्रम पदवीसाठी ग्राह्य धरले जातात, आणि आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम अशा प्रकारे करता येतात. अट एवढीच, की आपल्या संस्थेने तो अभ्यासक्रम आणि त्याचा गट आधी मंजूर केलेला असावा. आधी अभ्यासक्रम पूर्ण करून नंतर मान्यता मागणे, हा क्रम उलटा आहे आणि त्यात बहुधा श्रम फुकट जातात. प्रमाणपत्रासाठी नियंत्रित केंद्रावरची परीक्षा द्यावी लागते. केवळ व्हिडिओ पाहून श्रेयांक मिळत नाहीत.

घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबवावे लागले, तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी 4 श्रेयांकांचा जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा कार्यप्रशिक्षण पूर्ण करावे लागते. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि पदवी एकूण सात वर्षांच्या आत पूर्ण व्हावी लागते. बँकेतले श्रेयांकही कमाल सात वर्षे ग्राह्य असतात. ही सोय फार मोलाची आहे, विशेषतः ज्यांना काही काळ कमावणे भाग पडते त्यांच्यासाठी. पण कॉलेजला जाणे नुसते बंद केले तर ती मिळत नाही. बाहेर पडण्याचा रीतसर अर्ज करून प्रमाणपत्र घेतले, तर परतीचा प्रवेश सुकर होतो.

आठवी पायरी: तीन वर्षे की चार

तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेता येते आणि मग पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे असते. चौथे वर्ष केले तर ऑनर्स पदवी मिळते आणि पदव्युत्तर एका वर्षात पूर्ण करता येते. संशोधनासह ऑनर्स करायचे असल्यास पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण असावेत, अशी आयोगाची अट आहे. हा निर्णय सहाव्या सत्राच्या निकालानंतर करायचा म्हटले, तर उशीर होतो. 75 टक्क्यांचा हिशेब तिसऱ्या सत्रापासून ठेवावा लागतो, आणि आपल्या महाविद्यालयात चौथे वर्ष चालवले जाते का, हेही आधीच विचारावे लागते.

नववी पायरी: प्रमाणपत्रासाठी अर्ज

सर्व अटी पूर्ण झाल्या म्हणजे प्रमाणपत्र घरी येते, असा समज सर्वत्र आढळतो. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत त्यासाठी दीक्षान्त समारंभापूर्वी स्वतंत्र ऑनलाइन अर्ज करून शुल्क भरावे लागते, आणि ही मुदत चुकली तर पुढच्या समारंभापर्यंत थांबावे लागते किंवा विलंब शुल्क भरावे लागते. अर्जासोबत अंतिम वर्षाचे गुणपत्रक लागते. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वसतिगृह यांचे ना-देय प्रमाणपत्र आधीच घेऊन ठेवावे. छपाईपूर्वी नावाचा नमुना दाखवला जात असेल, तर तो देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही लिप्यांत अक्षर अक्षर वाचावा.

दरम्यानच्या काळात प्रवेश किंवा नोकरीसाठी तात्पुरते पदवी प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्या विद्यापीठात जायचे असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि परदेशी अर्ज करायचा असेल तर सर्व सत्रांचे एकत्रित गुणविवरण, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, वेगळे मागवावे लागते. अनुदान आयोगाच्या 2008 च्या विनियमांनुसार विद्यार्थी पात्र होणे अपेक्षित असलेल्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत पदवी प्रदान झाली पाहिजे. ही मुदत उलटली तर परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे कायम नोंदणी क्रमांक, अर्जाचा क्रमांक आणि शुल्काची पावती जोडून लेखी अर्ज करावा. प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याची डिजिटल प्रत डिजिलॉकरमधील राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात आली आहे का, हे पाहावे, आणि ती दिसत नसेल तर त्याच विभागाला त्याच क्रमांकांसह कळवावे.